पंखाची सरळ कड

पंखाची पुढची कड वाकडी दिसत होती. अन्सेल्मोने तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला ती सरळ लागली. पुन्हा पाहिलं, तर मधोमध लाटेसारखा उंचवटा. त्याने पॉलिशपेपरने थोडं घासलं, फुंकर मारून भुसा उडवला. उंचवटा तिथेच. शेवटी खिळ्यावरची पोलादी पट्टी काढून त्याने ती पंखाला लावली.

पट्टीही वाकडी दिसली.

तो स्टुलावर बसला. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींनी तेच, उजव्याने जरा कमी.  त्याच्या आईलाही आधी दाराची चौकट वाकलेली दिसायला लागली होती. मग माणसांचे चेहरे पुसट झाले. शेवटच्या काळात ती घरातल्यांना आवाजावरूनच ओळखायची.

"कॉफी गार होतेय!" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, दिर्सेने हाक मारली. "का आता त्या विमानालाच पाजू?"

"आलो," तो म्हणाला. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला बरं वाटलं.

अन्सेल्मोने सारी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. गावातलं प्रत्येक कुत्रं त्याला ओळखायचं, माणसं मात्र फारशी नाहीत. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजात हे विमान मांडलं. ब्राझीलची मुलं दुसऱ्या महायुद्धात इटलीवरून जे उडवायची, त्याच थंडरबोल्टची रिमोटवर उडणारी प्रतिकृती; पण पंख दुहेरी पलंगापेक्षाही लांब. आत प्लायवूडच्या फासळ्या, वर हलकं लाकूड, त्यावर ताणलेलं कापड, नाकात झाडं कापायच्या यांत्रिक करवतीचं असतं तसलं पेट्रोलचं इंजिन. गाडी पावसात राहू लागली. दिर्सेची कपड्यांची दोरी परसात गेली. "तुझं हे पोरगं काय घराबाहेर पडत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या दिवसानंतर तो नजरेपेक्षा बोटांनीच काम करू लागला. विमान पुरं झालं आणि त्याच आठवड्यात गावातले म्हातारे ओरेस्तेस ते बघायला आले; सगळे त्यांना मानाने 'सेऊ' म्हणत.

युद्धात ते याच विमानांचे मेकॅनिक होते. आता नव्वदी उलटली होती. नातीचा हात धरून ते गॅरेजात शिरले, विमानाभोवती फिरले आणि पोटाखाली हात घालून थांबले.

"इथनं तेल गळायचं," ते म्हणाले. "कायम. माझ्या टाळक्यावर. तिकडं इटलीत, पिसा गावात थंडी अशी, की तेवढंच ऊबदार वाटायचं." मग त्यांनी मान वर केली. "उडतं का रे हे?"

"उडेल की."

"मी आहे तोवर?"

अन्सेल्मोच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं. पण म्हातारा त्याच्याकडे बघत होता. "रविवारी या," तो म्हणाला.

रविवारपर्यंत त्याला नीट झोप लागली नाही. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या वाल्दिरला सांगावं, तू उडव. पण मग त्याने 'का' विचारलं असतं, आणि कारण एकदा बोललं की ते खरं होणार होतं. एकच फेरी मारू, त्याने स्वतःला बजावलं. एवढं मोठं विमान, दिसेल की.

उसाच्या शेतांमधल्या गवताच्या धावपट्टीवर निम्मं गाव लोटलं होतं. पोरं बापांच्या खांद्यांवर. सेऊ ओरेस्तेस सगळ्यांच्या पुढे खुर्चीत, जुनी टोपी घालून. वाल्दिर दोरीपाशी लोकांना मागे सारत होता. दिर्से नवऱ्याशेजारी पेट्रोलचा डबा धरून उभी होती. तिला विमानाच्या नाकावरच्या त्या पंख्याची मनातून धास्ती वाटायची.

"हात का थरथरतायत रे तुझे?" तिने हळूच विचारलं.

"इंजिनाचे हादरे."

"इंजिन तिकडं आहे."

त्याने रिमोट छातीशी घट्ट धरला. विमान गवतावरून धावलं, शेपटी उचलली गेली आणि ते जमिनीवरून सुटलं. गर्दीतून आरोळी उठली. लांब जाईपर्यंत त्याला ते दिसत होतं, हिरवट, जडशीळ, अगदी खरं. त्याने वळवलं. विमान आभाळात चढलं, नजरेच्या मधोमध आलं आणि नाहीसं झालं.

त्याने मान हलवली. आभाळ. आणखी हलवली. कडेला काहीतरी तरळलं, पाहायला गेला तर तिथेही आभाळच. आवाज तेवढा येत होता, आणि तो सगळीकडून येत होता. वीस किलोंचं वजन, आत पेट्रोल, पुढे पातं. आणि खाली पोरं.

 वाल्दिरला हाक मारावी तर तो दोरीच्या पार त्या टोकाला.

"दिर्से," तो म्हणाला. "मला दिसत नाहीये."

"ऊन आलं का डोळ्यावर?"

"विमान दिसत नाहीये. कुठाय ते सांग. लवकर!"

तिच्या हातातला डबा खाली पडला. 

"डावीकडं. पाण्याच्या टाकीच्या वर. अरे, ते लोकांकडं येतंय!"

"नाक दिसतंय का शेपूट?"

"नाक! नाक दिसतंय!"

त्याने रिमोटची दांडी दाबली. "वळलं?"

"वळतंय... वळलं. आता शेपूट."

"समोर काय आहे?"

"ऊस."

"आणि माणसं? नीट बघ, दिर्से. वाटेवर कुणी?"

"कुणी नाही. नुसता ऊस."

त्याने इंजिन बंद केलं. आवाज थांबला. मग लांबवर ऊस कडाकडा मोडल्याचा आवाज आला, आणि कुणाची तरी पोर रडायला लागली.

वाल्दिर धावत आला. "सिग्नल गेला ना? व्हायचंच असं! बॅटरी असणार. लोकहो, बॅटरी गेली, काही घाबरू नका!"

सगळ्यांना ते पटलंही. कुणीतरी अन्सेल्मोची पाठ थोपटली. आता गप्प राहिलं की झालं असतं. त्याने रिमोट वाल्दिरच्या हातात दिला.

"बॅटरी चांगली आहे," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत."

 मग नातीचा हात धरून सेऊ ओरेस्तेस खुर्चीतून उठले, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"विमान पडलं की आम्ही आधी एकच विचारायचो," ते म्हणाले. "वैमानिक वाचला का?"



"वाचला, सेऊ ओरेस्तेस," दिर्से म्हणाली.

वाल्दिर आणि इतरांनी उसातून तुकडे आणून गाडीच्या मागे रचले. दिर्सेने चावी मागितली नाही, सरळ त्याच्या खिशात हात घालून काढून घेतली. गाडी मातीच्या रस्त्याला लागली. 

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पंख घासत होतो तेव्हापासून."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने गिअर बदलला, नाक ओढलं.

"पुढं ट्रॅक्टर चाललाय," ती म्हणाली. "लाल. वर दोघं बसलेत, एक झोपलाय. उजवीकडं इपेचं झाड फुललंय, पान एक नाही, सगळं पिवळं."

त्याने तिकडे मान वळवली.

"आणि?"

"आणि एक कुत्रं आहे," दिर्से म्हणाली आणि तिने गाडीचा वेग कमी केला.