किर्गिझस्तानात वाजलेलं सायकलचं गाणं

आमच्या कोल्हापूरकडं सत्काराला कारण लागत नाही, माणूस लागतो. कुणाची म्हैस जास्त दूध देते, कर सत्कार. कुणाचं पोरगं तलाठी झालं, कर सत्कार. कुणी नुसतं निवडून यायच्या बेतात असलं तरी त्याचा आगाऊ सत्कार. तेव्हा संयोगिताचा सत्कार ठरला यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच, की तो तिच्या थोरल्या भावानं, अमरसिंहानं ठरवला होता. आणि ज्या गाण्यापायी ठरवला, त्या गाण्याचं नाव त्या बाबानं वीस-बावीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

तिच्या माहेरी, उचगावात शिरल्यापासून मंगल कार्यालयापर्यंत डिजिटल बोर्डांची रांग लागली होती. 'सातासमुद्रापार कोल्हापूरचा झेंडा फडकवणाऱ्या आमच्या भगिनी' असं त्यावर लिहिलं होतं. किर्गिझस्तानला जायला एक ओढासुद्धा आडवा येत नाही, पण बोर्ड लिहिणाऱ्याला भूगोल कोण विचारतो? अमरसिंहाचा हात जोडलेला फोटो दाराएवढा, आणि भगिनी कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते बघायचं असेल तर त्या रस्त्यानं एक चक्कर मारली की झालं.

नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसलेल्या संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी फिरवा," ती म्हणाली. "मला न्हाय यायचं."

पृथ्वीराज मूळचा मलकापूरचा, वारणानगरला दूध संघात नोकरीला. शांत माणूस. त्यानं गाडी बाजूला घेतली, पण फिरवली नाही. "फिरवतो की. पण माणसं जमल्यात. तुझं गाणं ऐकाय जमल्यात."

तिथंच ती अडली. खोटं कशाला बोला, जन्मात तिला दुसरं काही नकोच होतं. सोनं नको, बंगला नको. आपल्या गावात, आपल्या माणसांपुढं उभं राहून ते गाणं एकदा म्हणायचं आणि त्यांनी ते ऐकायचं, एवढीच भूक होती. ती भूक मेली असं ती समजून चालली होती, पण मेली नव्हती मेली. "चला," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.

गाण्याची गोष्ट अशी. संयोगिता विशीत होती, कॉलेजच्या गॅदरिंगला गायची. तिथल्याच दोघा-तिघा पोरांनी चाल बांधली, कीबोर्ड आणि ढोलकी घेतली आणि कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत कॅसेट काढली. तोवर आमच्याकडं कॅसेट काढायची ती एक तर लावणीची, नाही तर भजनाची. हे तिसरंच काहीतरी होतं. एक पोरगी सायकल शिकते आणि गावाबाहेर पडते, एवढंच त्यात होतं.

पायडल मारते, मागं बघत न्हाय,
कुनी बी हाक मारा, मी थांबत न्हाय.

शेवटच्या 'न्हाय'वर आवाज वर चढायचा आणि तिथंच लांब धरून ठेवायचा. तो चढ संयोगिताला असा सहज यायचा, की स्टुडिओवाल्यानं दुसऱ्यांदा म्हणवून घेतलंच नाही.

कॅसेट बाजारात गेली. आणि पंधरवडाभरात एका संध्याकाळी अमरसिंह जेवायच्या पाटावर बसता बसता म्हणाला, "एक बी खपली न्हाय. दुकानदार शिव्या घालाय लागल्यात, उचलून न्या म्हंत्यात."

आबा, म्हणजे तिचे वडील, गुळाचे व्यापारी, पंचक्रोशीत शब्दाला वजन. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "झालं समाधान? लोक म्हंत्यात पिकतं तिथं विकत न्हाय. तुझं तर पिकलंच न्हाय."

बापानं सांगितलं, भावानं सांगितलं, मग पोरीनं मानायचं नाही तर काय करायचं? तिनं मानलं. त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन ती वारणानगरच्या कॉलनीत गेली आणि गाणं तिनं असं सोडलं, की हळदीला बायका "म्हण गं एखादं" म्हणून मागं लागल्या तर चपात्या बघायच्या निमित्तानं उठून जायची. पोटची पोर झोपवताना नुसती थोपटायची, गुणगुणायची नाही. आपल्याला येत नाही, मग उगाच हसं कशाला करून घ्या! आबा गेले. कॅसेटचा जमाना गेला. संयोगिताच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या.

आणि मग या दिवाळीत शेजारच्या चौगुल्यांच्या पोराचा, अनेकांतचा व्हिडिओ कॉल आला. अनेकांत डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानला गेलेला. मागं कसलातरी दणका चाललेला, म्हणून तो ओरडून बोलत होता. "काकू, मी हितल्या एका लग्नात हाय. हे ऐका. ह्यो तुमचा आवाज न्हवं?"

त्यानं मोबाइल फिरवला. उंच पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे, झुळझुळीत कपड्यांतल्या बाया, नवरानवरी, सगळे नाचत होते. आणि स्पीकरमधून विशीतली संयोगिता गात होती. 'न्हाय'चा तो चढ आला तसा अख्खा मांडव हात वर करून तिच्यासंगं ओरडला. एकालाही अर्थ ठाऊक नव्हता, पण शब्द सगळ्यांना पाठ होते.

"हितं ह्याच्याशिवाय लग्न लागत न्हाय, काकू," अनेकांत सांगत होता. "त्या वेळी आपल्याकडचा कुणीतरी पोरगा शिकाय आलता, त्यानं कॅसेट आणलीती. ती होस्टेलात राहिली. पुढं हितल्या कुणीतरी ठेका घालून रेडिओवर वाजवली, आणि झालं. मोबाइलवर गाण्याखाली तुमचं नाव हाय, कोल्हापूर बी लिवलंय."

दुसरी कुणी असती तर आनंदानं रडली असती. संयोगिताला संताप आला, आणि कुणावर आला ते तिचं तिलाच कळेना. परमुलखातली, भाषा न कळणारी माणसं माझ्या गाण्यावर जीव टाकतात. मग माझ्या माणसांना काय झालं होतं? यांच्या कानात काय बोळे होते? आणि आणखी एक खडा दातात अडकल्यासारखा अडकून राहिला. एकही खपली नव्हती, तर ही एक तिकडं गेली कशी?

तिनं भावाला फोन लावून तेच विचारलं.

"फुकट वाटलेल्यातली असंल एखादी," अमरसिंह म्हणाला. "त्ये सोड. व्हिडिओ मला पाठव आधी. संयू, तुझा सत्कार घेऊया. दणक्यात."

तर असा तो सत्कार. आता वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण घोडं सजवलेलं होतं मात्र झकास. संयोगिताला शाल, श्रीफळ, माहेरची साडी. पाहुणे दीड-दोन तास उशिरा आले आणि मग भाषणं सुरू झाली. आमच्याकडं भाषणाचा एक रिवाज आहे. सत्कार कुणाचाही असो, स्तुती करायची ती मांडव घालणाऱ्याची. जो उठेल तो म्हणे, अमरदादांचं पाठबळ होतं म्हणून ही गगनभरारी. अमरदादांनी बहिणीला घडवली. गाणं कशावर आहे, ते या बोलणाऱ्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. संयोगिता मांडीवरचा नारळ दाबून धरून ऐकत होती. गाणं म्हणायचंय, तोवर गिळ, असं स्वतःलाच बजावत होती.

शेवटी सूत्रसंचालकानं आकारामला दोन शब्द बोलायला बोलावलं. आकारामचं कोल्हापुरात बसस्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. आता त्याच जागेत तो मोबाइलची कव्हरं विकतो. साठी उलटलेला, भाबडा माणूस. भाषणाची सवय नाही, पण रिवाज ठाऊक. आपणही दादांविषयी काहीतरी चांगलं बोललंच पाहिजे म्हणून त्यानं आठवून आठवून तेच काढलं.

"मंडळी, बहिणीवर माया करणारे भाऊ लई बघितले, पण अमरदादांसारखा न्हाय. ही कॅसेट म्या दुकानात लावली तशी कॉलेजची पोरं तुटून पडली. बाहेर रस्त्यावर उभी ऱ्हाऊन ऐकायची. आठवडा झाला न्हाय तवर दादा जीप घिऊन आले. म्हणाले, आकाराम, असतील तेवढ्या सगळ्या कॅसेटी दे. म्या म्हटलं, दादा, चार तरी ठेवा, गिऱ्हाईक येतंय. म्हणाले, एक ठेवायची न्हाय. नुसत्या माझ्याच न्हाय, कोल्हापुरातल्या समद्या दुकानांतल्या उचलल्या. लग्नकार्यात वाटायच्या असतील! पुढं किती दिवस पोरं इचारत हुती, ती सायकलची हाय का, सायकलची हाय का. म्या आपलं न्हाय म्हणून सांगायचो. असा भाऊ समद्यांस्नी मिळू दे."

टाळ्या पडल्या. आकाराम हात जोडून खाली गेला. बिचाऱ्याला आपण काय बोलून बसलो ते घरी जाईपर्यंतही कळलं नसेल. अमरसिंहाच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण त्याचा पाय खुर्चीखाली थडथड हलत होता.

संयोगिताला आधी काही ऐकूच येईना. पोरं विचारत होती. रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. म्हणजे गाणं आवडलं होतं. इथं, आपल्याच माणसांना आवडलं होतं. आपण चुलीपुढं तोंड मिटून बसलो ती सगळी वर्षं एका धादांत खोट्यावर बसलो होतो. आणि ते खोटं बोलणारा माणूस आत्ता शेजारी फेटा बांधून बसला होता.

"आणि आता ज्याची आपण सारे वाट बघतोय, ते गाणं सत्कारमूर्तींनी सादर करावं!" सूत्रसंचालकानं माइक पुढं केला.

तिनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि माइक घेतला.

"दादा, त्या कॅसेटी कुठं हायत?"

अमरसिंह उठून जवळ आला, हळूच म्हणाला, "संयू, घरचं घरात. माणसं बघाय लागल्यात."

"म्हणूनच हितं इचारतेय. घरात तू खोटं बोलतोस."

अमरसिंहानं माइकवर हात ठेवायला बघितलं, तिनं तो झटकला. मग तो म्हणाला, "आबांनी सांगितलं म्हणून केलं. तुझं लगीन ठरत हुतं. पोरगी गाण्यात म्हणती, कुनी बी हाक मारा, मी थांबत न्हाय. मलकापूरचे पावणे काय म्हणाले असते?"

मागच्या रांगेतून पृथ्वीराज उभा राहिला. आवाज चढवायची सवय नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "मलकापूरच्या पावण्यांना कुणी इचारलंतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. अमरसिंहाचा चेहरा उतरला.

"कुठं हायत?" संयोगितानं पुन्हा विचारलं.

"गुऱ्हाळावर न्हेल्या," तो म्हणाला. "चुलवाणात घातल्या. जळल्या."

उसाचा रस जिथं कढतो त्या जाळात तिचा आवाज गेला होता. चिपाडाबरोबर, ढलप्यांबरोबर. संयोगितानं माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"पिकतं तिथं विकत न्हाय म्हंत्यात," ती लोकांकडं बघून म्हणाली. "हितं विकत हुतं. ह्यांनी विकू दिलं न्हाय. आणि वर मला सांगितलं, तुझं पिकलंच न्हाय. मी बी खुळी, पटवून घेतलं." मग ती भावाकडं वळली. "तू खाली उतर. मग म्हणते."

"संयू..."

"ह्या स्टेजवर तू असताना मी गाणार न्हाय. उतर."

अमरसिंहानं पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे आपल्या मोबाइलमध्ये बघत होते. मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "उतर की बाबा, ऐकू दे आमाला." मागून आणखी चार आवाज आले, "उतरा की दादा." मतं मागायला याच माणसांच्या दारात जायचं होतं. अमरसिंह फेटा सावरत पायऱ्या उतरला आणि बसायला जागा नव्हती म्हणून खांबाला टेकून उभा राहिला.

"ट्रॅक लावू का?" साउंडवाल्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि तिनं सुरुवात केली.

खालच्या सुरातलं सगळं आलं. तिला स्वतःला खरं वाटेना, पण शब्द आपले आपण येत होते. पायडल, ओढा, शिवार, मागं पडत चाललेलं गाव, सगळं ती गात गेली. बायका मांडीवर ठेका धरायला लागल्या. पृथ्वीराज उभाच होता, बायकोला गाताना तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. मग तो चढ आला. तिनं श्वास घेतला, वर गेली, आणि आवाज फाटला. ती थांबली. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा गेली. पुन्हा तिथंच फाटला, चरचरत खाली आला. ज्या गळ्यातून इतकी वर्षं एक सूर निघाला नाही, त्यानं तरी काय करावं?

पण लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, 'वाह ताई', 'एक नंबर'. कार्यालय दणाणून गेलं. खांबाला टेकलेला अमरसिंहही टाळ्या वाजवायला लागला, सगळ्यांच्या वरताण.

संयोगितानं हात वर केला. टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग ती माइकमध्ये बोलली.

"टाळ्या नका वाजवू. चुकलं माझं, आता ते मला येत न्हाय." मग एकट्या भावाकडं बघून म्हणाली, "तवा येत हुतं, दादा."