पट्टीखालचं नाव

चेहरा धूसर करताना चेहऱ्याकडे बघायचं नाही, हा एडिटरबाईंचा नियम होता. कान बघायचे, हनुवटीची कड बघायची, त्यावर धुक्याचा गोल बसवायचा आणि मान हलेल तसा तो सरकवत न्यायचा. डोळ्यांत बघितलं की हात थांबतो, आणि हात थांबवून बातम्यांच्या चॅनेलमध्ये कुणाचं पोट भरत नाही.

त्या सकाळी बसस्थानकात बॉम्बस्फोट झाला. चित्रण बाईंच्या टेबलावर आलं आणि स्ट्रेचरवरच्या माणसाला त्यांनी असंच धुक्यात गुंडाळून पुढे पाठवून दिलं. निळ्या चौकडीचा शर्ट, लोंबकळणारा हात, स्ट्रेचर धरून धावणारे दोघे, अ‍ॅम्ब्युलन्सचं दार. एवढासा तुकडा, पण तो असा काही उचलला गेला की विचारू नका. निवेदिका बोलतेय तरी तोच, तज्ज्ञ एकमेकांवर खेकसताहेत तरी तोच. खाली जाडजूड लाल पट्टी: मृतांचा आकडा वाढण्याची भीती. पडद्याचा खालचा भाग त्या पट्टीनेच गिळला होता.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, तुमच्या टीव्हीवरचा तो माणूस... ते हेच आहेत गं."

"काहीतरीच काय!"

"तोच शर्ट. तूच दिलेला. यांचा फोन बंद लागतोय. रोज तिथेच तर बस बदलतात. आणि तुम्ही सारखं सारखं तेच दाखवताय. चेहरा का झाकलाय, ताई? गेलेल्या माणसाचाच झाकतात ना?"

"असं नसतं गं. जखमींचाही झाकतात. थांब, मी बघते."

आपलंच माणूस आपल्याच हातांनी झाकलं आणि आपल्याला कळलंही नाही? मूळ चित्रण त्यांच्याच संगणकात होतं, बटण दाबायचा अवकाश. पण बोट काही केल्या खाली जाईना. तेवढ्यात प्रसारणप्रमुख येऊन टपकला. त्याला सगळं ऑफिस 'आत्ताच' म्हणायचं, कारण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच हवी असायची.

"बाई, त्या स्ट्रेचरवर उदास संगीत चढवून द्या. आत्ताच."

"देते," बाई म्हणाल्या. तो वळला तशी त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि मग डोळे उघडले.

भावोजी नव्हते. कुणी पोरगेलासा माणूस होता, विरळ मिशीचा, डाव्या भुवईत जुना व्रण असलेला. बाईंना इतका आनंद झाला की त्याची लाज वाटायचंही भान राहिलं नाही.

"ते नाहीत!" त्यांनी फोनवर जवळजवळ ओरडूनच सांगितलं. "दुसराच कुणीतरी आहे!"

"दुसराच आहे," धाकटी हुंदके देत म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच पुन्हा फोन आला. "आले गं! रस्ते बंद म्हणून चालत आले, बॅटरी संपली होती म्हणे. आणि इथे माझा जीव टांगणीला लागलेला, तर आल्या आल्या विचारतात काय, चहा टाकतेस का?"

आता खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण बाईंना खुर्चीत बसवेना. उठल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या. तो माणूस त्यांच्या पडद्यावर तसाच थांबलेला होता. डोळे टक्क उघडे. चित्र पुढे सरकवलं तर ओठ हलत होते. सकाळपासून अख्खं जग ज्याला गेलेला समजून हळहळत होतं, तो धुक्याखाली बोलत होता. आणि मूळ चित्रणात लाल पट्टी नव्हती, त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारावर खालच्या बाजूला हॉस्पिटलचं नाव दिसत होतं, शाळेतल्या फळ्यासारखं ठळक.

बाई तडक आत्ताचकडे गेल्या. "ती पट्टी थोडी वर घ्या. खाली हॉस्पिटलचं नाव आहे. याच्या घरचे शोधत असतील."

आत्ताच काही राक्षस नव्हता. सकाळपासून त्याच्याही पोटात अन्नाचा कण नव्हता. "बाई, पट्टी हलवली की लोक शेजारच्या चॅनेलवर जातात. पोलिसांकडून खात्री झाली की देऊ ना."

"कधी?"

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. "बघू," तो म्हणाला.

बाईंचं डोकं फिरलं. त्या जिना उतरून खाली टेलिफोनवाल्या मुलीकडे गेल्या. तिचा घसा बसला होता. "आमच्याकडे माहिती नाही, हेल्पलाइनला फोन करा" हे एकच वाक्य ती सकाळपासून घोकत होती.

"निळ्या चौकडीच्या शर्टाचं कुणी विचारलं?"

"सगळे त्याचंच विचारताहेत, मॅडम. तोंडच दिसत नाही, मग ज्याला त्याला आपलाच वाटतो."

बाईंनी खुर्ची ओढली. "दे इकडे."

पहिला फोन एका बायकोचा होता, नवऱ्याला दाढी आहे म्हणाली. "मग हे ते नाहीत," बाईंनी सांगितलं, आणि पलीकडून हसू की रडू कळेना असा आवाज आला. मग एक भाऊ, मग एक मैत्रीण. "नाही, तो नाही." जो तो सुटकेचा श्वास टाकायचा आणि फोन ठेवायचा. बाईंना आपलीच दुपार पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. प्रत्येक 'नाही'बरोबर तो पोरगा आणखी एका घरातून परका होत होता.

मग एका म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"माझा मुलगा... लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता. भुवई फुटली होती."

"कुठली भुवई, काका?"

"डावी."

बाईंनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, सावकाश, दोनदा. "मी बघितलं तेव्हा तो शुद्धीवर होता. डोळे उघडे होते. काहीतरी बोलत होता."

"काय म्हणत होता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"भोंग्यांच्या आवाजात ऐकू नाही आलं. तुम्हीच जाऊन विचारा, काका."

"आत्ताच निघतो," म्हातारा म्हणाला.