ओलं फडकं

तीस वर्षं झाली, जयेंद्रगंजातल्या माझ्या दवाखान्यात येणारं प्रत्येक घर एकच प्रश्न विचारतं: हे आलं कोणाकडून? औषध काय, पोराचं पुढं काय, ते सगळं नंतर. आधी आरोपी हवा. खरं सांगते, आता कंटाळा आलाय.

त्या दुपारी भालचंद्रराव आले. सोबत पत्नी राजलक्ष्मीबाई, सून प्रांजली आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची मधु. मधुचे केस विरळ, भुवया जवळजवळ नाहीतच, तोंडात टोकदार असे दोनच दात. नखं मात्र छान. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि पोर तव्यासारखी तापलेली, पण कोरडी ठक्क. राजलक्ष्मीबाई दर पाच मिनिटांनी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते तिच्या डोक्यावर ठेवत होत्या. मी सांगायच्या आधीपासूनच.

अशा जन्मजात आजारांची जुनी वर्गवारी सोपी आहे. केस एक, दात दोन, नखं तीन, घाम चार. जे बिघडलंय त्याचा आकडा लिहायचा. मी लिहिलं, एक-दोन-चार. आकडा लिहिला म्हणून पोरीला घाम थोडाच येणार होता?

"म्हणजे कोणाच्या तरफून?" भालचंद्ररावांनी विचारलंच, आणि पिशवीतून वंशावळ काढून माझ्या टेबलावर पसरली. "हे बघा, चौदा पिढ्या. दरबारात कारभार केलाय आमच्या खानदानानं. असं बिलकुल कोणी नाही. तुम्ही फक्त लिहून द्या की आईकडून आलंय. उद्या या दोघी इंदूरला जातायत, हिच्या माहेरी. तिकीट झालंय."

"परत कधी?"

प्रांजली मुलीच्या फ्रॉकची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. तिचा नवरा अंबरीश ऑफिसात होता. असे नवरे नेमके ऑफिसातच असतात.

मला संताप आला. वंशावळीवरून बोट फिरवलं. मल्हारराव, कृष्णराव, पुन्हा मल्हारराव.

"यात बायका कुठायत?"

"बायकांची नावं नाही घालत."

"मग माझ्या काय कामाची? मुलीला हा आजार इतका पुरता झाला, की बहुधा अर्धा दोष आईकडून आणि अर्धा बापाकडून आलेला असतो. खात्रीसाठी रक्त दिल्लीला पाठवू. दोन महिने लागतील."

"दोन महिने कोण थांबणार? आणि आमच्याकडे असं कधी झालंच नाही."

भिंतीशी बोलल्यासारखं झालं. मी मुकाट्यानं घराचा तक्ता काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. सवयीनं विचारलं, "अंबरीशला भावंडं?"

"एकटाच," भालचंद्रराव म्हणाले.

"एक होती," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"जुनी बात कशाला काढतेस?"

"वनमाला. अंबरीशच्या आधीची." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. "दीड वर्षाची झाली तरी दात नाहीत, जावळ नाही. अशाच उन्हाळ्यात तापली. ओलं फडकं ठेवलं की ताप उतरायचा, शालिनीताई. मग हे म्हणाले, सर्दी होईल, काढ ते. मी काढलं."

भालचंद्ररावांचा हात वंशावळीवरच राहिला. मान खाली.

मी अंबरीशच्या चौकोनाशेजारी वर्तुळ काढलं, मेलेल्या माणसासाठी मारतात तशी त्यावर तिरकी रेघ मारली, खाली नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गवारी करताना येत नाही सहसा.

राजलक्ष्मीबाईंनी फडकं पुन्हा भिजवून मधुच्या डोक्यावर ठेवलं. नवऱ्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "इंदूरला काही जायचं नाही. आणि हे फडकं, कोणीही सांगितलं तरी काढायचं नाही."