जमनाच्या भाषणाचे खर्डे

खर्डा पहिला

"माझं नाव जमना. आम्ही मीरपूरखासहून आलो. तिथे आमचं कापडाचं दुकान होतं, आणि भिंतीला भिंत लागून हाजरा राहायची."

इतकं लिहून शमिकानं वर पाहिलं. जमना पुढचं सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. तिच्या थोरल्या मुलीवर एका माणसाची नजर होती. लग्न करणार, धर्म बदलणार, असा निरोपच त्यानं दुकानात पाठवला होता. ज्या संध्याकाळी तो चार माणसं घेऊन आला, त्या संध्याकाळी मुलगी हाजराच्या घरात होती. हाजरानं दारात उभं राहून त्यांना शिव्या घातल्या. पुढे आपला बुरखा मुलीला घालून तिला स्टेशनावरही तिनंच पोचवलं. सगळं कुटुंब गाडीत बसल्यावर हाजरा खिडकीशी येऊन म्हणाली, की तुमच्या तुळशीला पाणी घालत जाईन, पण मंत्रबिंत्र मला येत नाहीत.

शमिका हसली आणि तेही लिहून घेतलं.

कोटरा सुल्तानाबादच्या मराठी लोकांच्या शारदा मित्र मंडळाच्या मागच्या खोलीत ती दर रविवारी वर्ग घ्यायची. सिंधमधून आलेल्या बायका उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या. इथे त्यांना बसची पाटी वाचता येईना. त्यांना ती देवनागरी शिकवायची, बँकेत आणि शाळेत सोबत जायची. पैसे नाहीत, कोणी सांगितलेलं नाही, स्वतःच्या हौसेनं.

जमनाला मात्र अक्षरांपेक्षा घर हवं होतं. बैरागढच्या घरमालकानं महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली होती, आणि दुसरीकडे पासपोर्ट कुठला हे कळलं, की खोली अचानक आधीच दिलेली निघायची. मंडळाच्या मागे चौकीदाराचं दोन खोल्यांचं क्वार्टर रिकामं पडलं होतं. अध्यक्ष अच्युतराव दिघे ते द्यायला तयार होते. अट एकच. वर्धापनदिनाला जमनानं पाच मिनिटं हिंदीत बोलायचं, चावी तिथेच मंचावर मिळेल.

चावी आधी देऊन मोकळे का होत नाही, असं शमिकानं विचारलं.

"अगं, देणगीदार येणारेत," अच्युतराव म्हणाले. "आपण कोणाला काय देतोय ते त्यांना दिसायला नको?"

खर्डा दुसरा

हा लाल शाईतला.

अच्युतरावांनी हाजरावर आडवी रेघ मारली होती. सरळ, पट्टी लावून. बाकी सगळं फर्स्टक्लास आहे, म्हणाले, ही बाई तेवढी काढ.

"पण मुलगी वाचली ती तिच्यामुळे, काका."

"असेल. पण ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो ना. राग नक्की कोणावर धरायचा तेच कळत नाही माणसाला."

सांस्कृतिक विभागाच्या रत्नप्रभाताईंनी समासात लिहिलं होतं: 'इथे थांबायचं. शक्य तर हुंदका.' शेवटी एक मराठी वाक्यही घातलं होतं, 'तुम्ही आम्हाला आपलं म्हटलंत.' जमनाला जमेल, दोनदा घोकून घ्या म्हणजे झालं. साडी मात्र साधी नेसायला सांगा, ती परवाची जरीची नको. निर्वासित वाटायला हवं.

शमिकाच्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन तिनं कुकर असा आदळला, की मंदार, तिचा नवरा, टीव्ही बंद करून आत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घर मिळतंय ना त्यांना? मग?" त्या 'मग'वर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

जमनाला कागद दाखवताना तिला वाटलं होतं, आता हिचा भडका उडेल. जमनानं लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, चावी त्याच दिवशी मिळेल ना?

एवढंच? शमिकाला तिचा राग आला. मग तिचा राग आला, याचा राग आला. तरीही तिनं 'तुम्ही आम्हाला आपलं म्हटलंत' हे वाक्य जमनाकडून घोकून घेतलं. 'म्हटलंत' तिला जमेना. पुन्हा म्हण. पुन्हा. पुन्हा.

खर्डा तिसरा

हा कोणालाच दाखवला नाही.

वर्धापनदिनाच्या दुपारी शमिकानं भाषण नव्यानं मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. दुसऱ्या पानावर हाजरा परत आणली: शिव्यांसकट, बुरख्यासकट, तुळशीसकट. लिहिताना तिला फार बरं वाटत होतं. भरल्या सभेत जमना हे वाचेल. पहिल्या रांगेत दिघ्यांचा चेहरा पडेल. पडू दे. काढून घेतात का चावी एवढ्या लोकांसमोर, बघू.

विंगेत तिनं जमनाच्या हातातले कागद बदलले. नीट लिहून आणलंय, म्हणाली.

वाचलेलं

जमना पहिलं पान चांगलं वाचून गेली. दुसरं पान समोर आलं आणि थांबली.

विंगेतून शमिकाला तिचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. ती मनात वाचत होती, अक्षर अक्षर लावत. हाजरा. दार. शिव्या. सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. रत्नप्रभाताईंनी डोळ्याला पदर लावला. अच्युतरावांनी शेजारच्या देणगीदाराच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं आणि त्यानं समजूतदारपणे मान हलवली.

मग जमनानं पान उलटलं. न वाचता. तिसऱ्या पानावरून पुढे निघाली, शेवटी 'म्हटलंत' अगदी स्वच्छ म्हणाली. टाळ्या थांबेनात. शाल, नारळ, चावी.

न लिहिलेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरमध्ये जमना जाळी काढत होती. नवरा गोविंदपुऱ्याला कारखान्यात गेलेला, सासू गाठोड्याला टेकून बसलेली. शमिकानं रात्रभर दाबून धरलेलं विचारलं. ते पान का वाचलं नाहीस? भीती वाटली? मी होते ना तिथे.

जमनानं केरसुणी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"घर मेरा जा रहा था, दीदी. ग़ुस्सा आपका था."

"माझा? अगं, तुझ्यासाठीच तर..."

"मुझसे पूछा था? उन्होंने काटते वक़्त नहीं पूछा, आपने जोड़ते वक़्त नहीं पूछा. हाजरा मेरी है. किसी के काम की नहीं है वो."

तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. अच्युतराव फोटोग्राफर घेऊन आले होते. अहवालासाठी एकच फोटो हवा होता: नव्या घराच्या दारात जमना, हातात चावी, शेजारी शमिका. म्हाताऱ्या आजींनाही घ्या, हात जोडलेले असले तर उत्तम. शमिका दारात जाऊन सांगू लागली, काका, आत्ता नको. ते म्हणाले, अगं, दोन मिनिटांचं काम.

जमना मागून आली. फोटो काल मंचावर झाला, म्हणाली. आता सासूला अंघोळ घालायची आहे. तिनं दाराला हात लावला. शमिका आत वळणार, तोच ती म्हणाली, "आप भी, दीदी."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग बादलीत पाणी पडल्याचा.

पायरीवर दोघंच उरली, शमिका आणि अच्युतराव. फोटोग्राफर लांब उभा राहून फोन बघत होता.

"बघितलंस?" अच्युतराव म्हणाले. "एवढं केलं, आणि ही पद्धत. जाणीव म्हणून नाही या लोकांना."

शमिका ताडकन त्यांच्याकडे वळली. सुनवायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि जिभेवर वाक्य तयार होतं: एवढं केलं मी हिच्यासाठी.

तिनं तोंड मिटलं. रागानं कान तापले होते. तो आता कोणावर काढायचा, ते काही तिला कळेना.