शेवटच्या बसचा झेंडा

"खांब आला! चाला!" बाबा शांगे ओरडले आणि आम्ही चाळीसेक माणसं पळायची थांबून एकदम चालायला लागलो.

आमच्याकडे याला बस म्हणतात. चाकं नाहीत, इंजिन नाही. पुढे पिवळं फडकं बांधलेली काठी धरलेला ड्रायव्हर आणि त्याच्यामागे खेटून पळणारी माणसं. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजत तीन खांब पळायचं, एक खांब चालायचं, आणि असं करत करत डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत जायचं. सकाळी अंधारात निघालेली ही मोठी शर्यत संध्याकाळी ठरल्या वेळेला संपते. त्या वेळेला एक साहेब रेषेवर येऊन उभा राहतो, पळत येणाऱ्यांकडे पाठ करून, आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ करून अशासाठी, की कुणाचं तोंड दिसलं तर हात अडायचा. बार झाला की रेषा बंद. मग तुम्ही दिवसभर पळालात काय आणि दिवसभर झोपलात काय, पदक दोघांनाही नाही.

बाबा शांगेंची बस ही शेवटची बस, बार व्हायच्या जेमतेम आधी रेषा गाठणारी. बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवण्यात या माणसाचा जन्म गेला. घरी मान खाली घालून जेवणार, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणार. पण हातात ती काठी आली की त्यांचा आवाज असा निघे, की आमच्या वस्तीतली कुत्रीसुद्धा रस्ता सोडत.

"कोण दमलंय?" ते विचारत.

"आमच्यात कुणी नाही!" आम्ही ओरडत असू. धादांत खोटं. पण ते ओरडायला जो दम लागतो तो असतोच, हे कळलं की पुढचे तीन खांब निघतात.

त्यांच्या बसचा नियम एकच. बस कुणासाठी थांबत नाही. एका वर्षी ते एका पाय मुरगळलेल्या पोरीसाठी थांबले होते आणि अख्खी बस बंद रेषेच्या अलीकडे उभी राहून रडली होती. तेव्हापासून जो मागे राहील तो राहील. सख्खा भाऊ असला तरी.

यंदा बसमध्ये मादुबे होत्या. म्हणजे बाबांची बायको. शाळेच्या फाटकाशी त्या अमाग्विन्या तळून विकतात. पिठाच्या त्या तळलेल्या गोळ्यांवर आमची अख्खी वस्ती पोसली आहे, माझं पोट त्याची साक्ष आहे. इतकी वर्षं त्या शर्यतीच्या शेवटी आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबच्या मांडवात खाण्याची पेटी घेऊन वाट बघत उभ्या असत. दोन वर्षांपूर्वी अचानक म्हणाल्या, "उभं राहून राहून माझे पाय जास्त दुखतात. त्यापेक्षा पळते." सगळे हसले. त्या पळायलाच लागल्या.

आणि यंदाचं वर्ष बाबांसाठी साधं नव्हतं. नऊ पदकं त्यांच्याकडे होती. दहावं मिळालं की छातीवरचा नंबर कायमचा त्या माणसाचा होतो. पुन्हा कुणाला दिला जात नाही, तो मेल्यावरसुद्धा नाही. बाबांच्या नावावर घर नाही, गाडी नाही. हा नंबर मात्र त्यांच्या नावावर होणार होता. क्लबमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता.

दुपार कलली आणि मादुबेंचा रंग उतरला. पोटात कळा येत होत्या. त्या बसच्या अगदी शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होत्या, ओठ घट्ट मिटून.

"मुझी," त्या मला म्हणाल्या, "मी मागे पडले तर बोंब मारायची नाही. त्यांना सांगायचं नाही."

"मादुबे, मीच पडेन आधी. माझं वजन बघा."

"तुझं वजन माझ्याच तेलाचं आहे. पळ."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. पण पुढच्या वेळी चालायचा खांब गेला तरी "पळा" असा हुकूम आला नाही. आम्ही आणखी एक खांब चाललो. त्यानंतरच्या वेळीही तेच. बसमध्ये थोडी कुजबुज झाली.

"बाबा, खांब चुकला!" मी मागून ओरडलो.

"तुझं तोंड पायांपेक्षा जास्त पळतंय, मुझी. त्याला आवर!"

बस हसली. माणूस साठीला आला, चुकत असेल मोजायला, असं मी मनात म्हटलं. मादुबेंचे डोळे खांबांवर होते. पाण्याच्या टेबलावर मिठात बुडवलेला उकडलेला बटाटा त्यांनी खाल्ला, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

आमच्या क्लबात ट्रायथलॉनवाल्यांचं एक टोळकं आहे. पोहणं, सायकल आणि पळणं, एका खेळात भागत नाही म्हणून तीन. त्यांच्यातला लुंगेलो यंदा पहिल्यांदा ही शर्यत पळत होता. मनगटावर त्याच्या पगाराला न शोभणारं घड्याळ. शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी तो पुढे गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, आपण मागे आहोत. असंच चाललं तर रेषा बंद होईल."

"माहीत आहे."

"मग?"

"मग हा चढ चालायचा नाही." बाबांनी काठी उंच केली. "ऐका रे! या चढावर खांब नाहीत! जे दिसतायत ते खोटे आहेत! कोण दमलंय?"

"आमच्यात कुणी नाही!"

तो चढ आम्ही कसा पळालो ते मला आजही सांगता येत नाही. बाजूला मांस भाजत बसलेली कुटुंबं ताटं ठेवून उभी राहिली. बाबा सगळ्यांच्या पुढे होते, आणि खरं सांगतो, मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी रडत रडत पळत होतो. चढ संपला. खाली समुद्र दिसला. बसने आरोळी ठोकली.

आणि बाबांच्या मांडीत गोळा आला.

आधी त्यांनी लंगडून पाहिलं. मग रस्त्याकडेचा लोखंडी कठडा धरला. मांडीचा स्नायू कातडीखाली दगडासारखा वर आला होता. लुंगेलो खाली बसून पाय चोळू लागला, पण त्यांनी त्याला ढकललं. बस घोटाळली. चाळीस माणसं, एकाचाही पाय उचलेना.

"काय बघताय?" बाबा ओरडले. "नियम माहीत नाही? चला पुढे!"

कुणी हललं नाही. बाबांना टाकून बस जाते, हे आमच्या डोक्यात शिरतच नव्हतं. घड्याळ पुढे जात होतं आणि आम्ही मेंढरांसारखे उभे. तेवढ्यात मागच्या रांगेतून मादुबे आल्या. मला वाटलं, आता त्या नवऱ्याचा हात धरतील, रस्त्यातच बसतील. तसं केलं असतं तर त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी हात पुढे केला. "शांगे, काठी द्या."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी दिली.

"उतारावर घाई करू नकोस," ते म्हणाले. "पोरं गुडघे फोडतील."

"मला शिकवू नका." त्या वळल्या. पिवळं फडकं वर गेलं. आवाज बाबांसारखा भरदार नव्हता. शाळेची मधली सुट्टी झाल्यावर पोरांना रांगेत लावणारा होता तो, चिरका आणि कुणाचं न ऐकणारा. "कोण दमलंय?"

आम्ही अजून कठड्याकडेच बघत होतो.

"बहिरे झालात का? मी विचारलं, कोण दमलंय?"

"आमच्यात कुणी नाही!"

"मग पळा!"

त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. बाबा कठडा धरून एकेक पाऊल टाकत होते, आणि वळण आल्यावर दिसेनासे झाले.

उतारावर मादुबेंनी आम्हाला आवरलं, सपाटीवर हाणलं. कुणी रेंगाळलं की आईवरून सुरुवात करून आजीपर्यंत त्याचं कूळ काढलं. मैदानात शिरलो तेव्हा तो साहेब रेषेवर येऊन उभा राहत होता. मादुबे काठीसकट रेषेपार गेल्या, मागोमाग आमची अख्खी बस, एकही माणूस न गळता. बाबा सोडून. आमच्या गळ्यात पदकं पडली. लोक टाळ्या पिटत होते. थोड्याच वेळात बार झाला.

मादुबे रेषेजवळच उभ्या राहिल्या. मांडवाकडे चला म्हटलं तर नाही म्हणाल्या. नेहमीसारख्याच वाट बघत उभ्या होत्या, फक्त या वेळी गळ्यात पदक होतं.

मैदान रिकामं होत आलं तेव्हा बाबा आले. ताठ चालत आले, लंगडेपणा जमेल तितका लपवून. बंद रेषेशी थांबले, सदऱ्यावरचा नंबर दोन्ही हातांनी सरळ केला आणि बाजूच्या फटीतून आत आले.

"सगळे पोचले?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"गुडघे?"

"शाबूत आहेत."

बाबांनी मान हलवली. "बरं केलंस. थांबली असतीस तर मी तुला माफ केलं नसतं."

"मी कशाला थांबू? बस थांबत नाही." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "पण तुम्ही थांबलात! चालायचा एक खांब, त्यावर आणखी एक. मला काय मोजता येत नाही? दुपारपासून मोजतेय मी! माझ्या पोटापायी तुमचा नंबर घालवलात!"

बाबा वाकून मांडी चोळू लागले. मी तिथेच उभा राहून खाली पाहत होतो. खांब चुकला म्हणून मागून ओरडणारा मीच होतो.

"तुझा रंग उतरला होता," बाबा शेवटी म्हणाले.

"तुम्ही तर मागे पाहिलंसुद्धा नाहीत."

"तुझ्या पायांचा आवाज येत होता ना."

मादुबेंनी तोंड फिरवलं. बाहीने डोळे पुसले आणि नाकही. मग काठी त्यांच्यापुढे धरली. "घ्या तुमची."

बाबांनी काठीकडे पाहिलं. हात थोडासा उचलला आणि तसाच खाली घेतला.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "पेटी कुठे आहे?"

मांडवातून लुंगेलो खाण्याची पेटी घेऊन आला. ती त्याच्या हातून घेऊन बाबांनी स्वतः काखेत मारली. आम्ही गाड्यांकडे निघालो. पुढे मादुबे, खांद्यावर पिवळं फडकं. त्यांच्या मागे आम्ही. आणि सगळ्यांच्या मागे, शेवटच्या रांगेत, पेटी सांभाळत बाबा शांगे.