चेनीचा झोल

वैष्णवीनं दोन्ही चेनी हातात आडव्या धरल्या. जुनी चेन मधून वाकली, त्यात नवल नव्हतं. पळून पळून तिच्या कड्या झिजल्या होत्या. पण सकाळीच दुकानातून आणलेली, पाकिटातून आत्ता काढलेली चेनही तेवढीच झोल खाऊन खाली आली. पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारी टायमिंग चेन नवी असताना अशी वाकत नसते. पाकीट नावाजलेल्या कंपनीचं होतं, आतला माल कुणाचा ते देव जाणे.

हिंगोलीच्या मोंढ्यामागं हे गॅरेज तिच्या वडिलांचं, सोमेश्वररावांचं. त्यांची नजर कमी झाल्यापासून इंजिन बांधायचं काम वैष्णवीकडं आलं होतं. आणि समोरच्या बाकड्यावर उघडं पडलेलं इंजिन धाकट्या भावाच्या, कुलदीपच्या मोटारसायकलचं होतं. मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळायचा तो, आणि पुढची शर्यत जवळ आली होती. मागच्या साली भरधाव पळताना त्याच्या गाडीचं क्रँकचं बेअरिंग तापून जाम झालं, मागचं चाक जागीच जखडलं आणि गाडीनं त्याला लांब भिरकावून दिलं. गळपट्टीचं हाड मोडलं. दिवस मावळेपर्यंत तो शुद्धीवर नव्हता. ते इंजिन दुसऱ्याच गॅरेजात बांधलेलं होतं. पण वैष्णवीनं ते खोललं तेव्हा बेअरिंगचे छर्रे तापून निळे पडले होते, आणि तो निळा रंग तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हता.

म्हणून या खेपेला बेअरिंग घेताना तिनं दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. त्यानं काढून दिलेलं घट्ट, सुरेख फिरणारं बेअरिंग तिनं परत केलं. इतक्या जोरात फिरणाऱ्या इंजिनात लोखंड तापून फुगतं, त्याला आत थोडी जागा लागते. जास्त खेळ असलेलंच द्या, म्हणून ती अडून बसली. ते मिळालं, बसलंही. राहिली चेन.

चेननं एक दात जरी सोडला तरी पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग आत काहीच शाबूत राहत नाही. वैष्णवीनं नांदेडला फोन लावला. तिथला माणूस एसटीनं पार्सल पाठवतो म्हणाला. तिनं कुलदीपला दोन्ही चेनींचा झोल दाखवला, नांदेडची चेन येईपर्यंत इंजिनाला हात लावू नको म्हणून बजावलं. तो हो म्हणाला, पण तिच्याकडं न बघता.

डेपोत वाट बघण्यात तिची दुपार गेली; नांदेडची एसटी उशिरा आली. तिथल्याच बाकावर तिनं पार्सल फोडून चेन आडवी धरली. काडीसारखी सरळ राहिली. तिला हायसं वाटलं.

ती परतली तेव्हा गॅरेजातलं बाकडं मोकळं होतं. इंजिन नव्हतं, गाडी नव्हती. फसव्या चेनीचं पाकीट तेवढं जमिनीवर रिकामं पडलं होतं.

"तूच लावायला सांगितली म्हणला," सोमेश्वरराव खुर्चीतून म्हणाले. "कनेरगावकडं टेस्ट घ्यायला गेला."

तिनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग तिनं वडिलांची स्कूटी काढली.

रस्त्यावर हळदीच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. एकेकीला ओलांडताना तिला वाटायचं, हिच्या पुढंच दिसेल. तिचे डोळे डांबरावर काळे ओरखडे शोधत होते. सावकाश चालवली तर चेन धरेल. पण तो सावकाश चालवणारा नव्हता. मोकळा रस्ता दिसला की त्याची मूठ पिळली जायची, आणि तिथंच ती चेन फडफडायला लागणार होती. तिच्या डोक्यात ते इंजिन उघडंच होतं. आतलं सगळं फिरताना तिला दिसत होतं.

एका पुलाजवळ माणसं गोळा झालेली दिसली. तिनं स्कूटी थांबवली. माणसांच्या पायांमधून ती डांबरावर बघत राहिली. तिला काय विचारायचंय ते शेवटी एका म्हाताऱ्यानंच ओळखलं.

"ट्रॉलीचं टायर फुटलं बाई. कुणाला काई झालं न्हाई."

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, एका धाब्यापुढच्या लिंबाखाली तिला गाडी दिसली. स्टँडवर, धड. कुलदीप मागच्या बाजेवर बसला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. त्याला बघून तिला आधी रडू आलं, मग संताप. पण काही बोलण्याआधी सवयीनं तिचा हात इंजिनाकडं गेला. इंजिन जेमतेम कोमट होतं.

"हे तर तापलंच न्हाई," ती म्हणाली.

"तिसऱ्या गिअरच्या म्होरं गेलोच न्हाई मी." तो जमिनीकडं बघत होता. "मूठ वळतच न्हाई तायडे."

"मंग ती चेन काहून लावली? दाखवली व्हती ना तुला?"

त्यानं साय धरलेला चहा बाजूला सारला.

"खराब हाय म्हणूनच लावली. इंजिन फुटलं असतं तर शर्यतीला जावं लागलं नसतं. कुणी इचारलंच नसतं."

वैष्णवी बाजेच्या कडेला बसली. सगळ्या वाटेनं जे भ्याव तिनं उरात धरून आणलं होतं, ते या बोलण्यापुढं काहीच नव्हतं. मरणाच्या भीतीपेक्षा ‘मी भितो’ म्हणायची भीती या पोराला मोठी वाटली होती. आणि घरात कुणालाच, तिलाही, ते दिसलं नव्हतं. बेअरिंगचा खेळ तेवढा तिनं बोटानं चाचपून बघितला होता.

गाडी त्यांनी चालू केलीच नाही. टेम्पो मिळाला, त्यात घालून घरी आणली. खोलल्यावर दिसलं की एवढ्याशा फेरीत चेन जिच्यावरून सरकते त्या आतल्या पट्टीला तिनं चरे पाडले होते. वैष्णवीनं ती पट्टी सोमेश्वररावांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं चरे चाचपले. मग कुलदीपनं स्वतःच त्यांना सगळं सांगितलं, अडखळत, दाराला धरून.

सोमेश्वररावांनी पट्टी मांडीवर ठेवली.

"न्हाई जायचं शर्यतीला," एवढंच म्हणाले शेवटी. आणि नवी पट्टी मागवायला सांगितली.

पट्टी आली, नांदेडची चेन बसली. वैष्णवीनं इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, आणि हळूहळू रेस वाढवली. आवाज एकसारखा, स्वच्छ चढत गेला. कुठं खरखर नाही, कुठं टकटक नाही. असं सुरेख इंजिन तिच्या हातून आजवर बांधलं गेलं नव्हतं. तरी मुठीवरचा हात ओला झाला होता. तिनं मागं वळून पाहिलं. कुलदीप गॅरेजात नव्हता. गल्लीच्या पलीकडं, विजेच्या खांबाला पाठ लावून उभा होता, चेहरा पांढराफटक.

तिनं इंजिन बंद केलं.

"बराबर हाय?" त्यानं तिथूनच विचारलं.

"बराबर हाय."

तो आत आला नाही. तिनंही बोलावलं नाही. हात पुसले आणि गल्ली ओलांडून ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.