अनुमोदक जीवराम

जीवराम गेला त्या दिवशी त्याला न्यायचं कुठं, हाच पहिला प्रश्न पडला. पारोळा तालुक्यातल्या त्या गावात बौद्धवस्तीची स्मशानभूमी नाल्याकाठी होती. आजे-पणजे तिथंच गेले. आता तिथं तारेचं कुंपण पडलं होतं आणि आत ग्रामपंचायतीचं धान्यगोदाम उभं राहत होतं. शेवटी भाच्याच्या शेतात, बांधाच्या कडेला त्याला अग्नी दिला. स्मशानाच्या जागेसाठी साऱ्या वस्तीत एकट्यानं तोंड उघडलं होतं, ते त्यानंच.

त्याच्या बायकोनं, आक्काबाईनं, तेवढं सोसलंही असतं. पण जलदानविधीच्या दिवशी शेजारची बेबाबाई भांडी घासता घासता बोलून गेली.

"आते कसाले रडस, आक्का? जागा तुना मालकनीच दिधी. ठरावखाले त्यानी सही शे. मना पोऱ्यानी देखी."

आक्काबाईच्या हातातली परात खाली आली. वस्ती आपल्याकडे इतके दिवस तिरकी का बघत होती, याचा उलगडा तिला तेव्हा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

जीवराम मुलखाचा अबोल. बाजारात भाजीवाल्यानं कमी तोललं तरी गप घरी येणारा. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, याचे आंबेसुद्धा सडले असते. पण गोदामाचा विषय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार असं कळलं आणि माणूस पेटला. रोज संध्याकाळी गोठ्यात शेळीपुढं उभा राहून भाषण घोकायचा. हात असा करायचा, तसा करायचा. आक्काबाई चुलीपुढून ओरडायची, "पुरं करा आते, शेयी दूध देवानी नही!" तो ओशाळायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो सगळ्यांच्या आधी चावडीत हजर. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही त्यानं नोंदवहीत अगदी वर, सावकाश, वळणदार केली. हजेरी पक्की झाली म्हणजे बोलणं पण पक्कं धरतील, असा त्याचा भाबडा हिशेब. आपल्याकडची रीत अशी की सही आधी, सभा नंतर, आणि ठराव मागाहून, सह्यांच्या वर सोडलेल्या मोकळ्या जागेत. रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तो बोलला मात्र खरा. गोठ्यातल्यासारखाच हात पुढं करून बोलला. मुलानं, राजदीपनं, फोनवर त्याचं चित्रण करून गावाच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्याच दिवशी राजदीपला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. गावात तेढ पसरवतोस का, म्हणे. राजदीप धुळ्याला वीजकंपनीत कंत्राटी वायरमन. एका कागदानं गेली असती अशी ती नोकरी. घरी येऊन पोरगं भिंतीला टेकून बसलं, तेव्हा बापच म्हणाला, "पुसी टाक, बेटा. बठ्ठा गावनी ऐकं, पुरं झायं."

राजदीपनं पुसलं. ग्रुपवरून, फोनमधून, सगळीकडून.

म्हणून तर बेबाबाईचं ते ऐकल्यावर आक्काबाईला कागद हवा होता. नवरा काय बोलला ते सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं असणारच, नाही का? सरकारी सभा होती, काही पारावरच्या गप्पा नव्हत्या. राजदीपनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं नाही. अपील केलं. तेव्हा कुठं पावसाळ्यात एक पान हाती पडलं. दारातच उभं राहून त्यानं ते वाचलं, आणि आईकडे न बघता घडी घालायला लागला.

"वाच ना, भो."

"नाल्याकाठची जागा गोदामासाठी देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर," राजदीप वाचत गेला. "सूचक, सरपंच. अनुमोदक..."

"अनुमोदक म्हंजे काय?"

"ठरावाला पाठिंबा देणारा." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबांचं नाव आहे, आई."

पंधरा ऑगस्टच्या सभेला आक्काबाई गेली. पांढरं लुगडं, हातात ते पान. दाराशी ग्रामसेवक हितेंद्रभाऊ नोंदवही घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. कुणाला उलटून बोलायचा नाही, कुणाचं काम मुद्दाम अडवायचा नाही. त्यांनी पेन पुढं केलं.

"आक्का, सही करा."

"पहिले मी बोलसू. तुम्ही लिखा. मंग सही."

"तसं होत नाही हो. सही नसेल तर तुम्ही सभेला हजर नाहीत."

"तुमना पुढे उभी शे ना मी, भाऊ!"

मागं कुणीतरी हसलं. आक्काबाईनं पान त्यांच्यापुढं धरलं. "मना मालकनं नाव आठे कसाले लिखं? तो ते नको म्हने."

हितेंद्रभाऊंनी पान बघितलं, चष्मा काढून पुसला. मग अगदी सरळपणानं, शेजारच्याला पत्ता सांगावा तसं म्हणाले, "अनुमोदकाचं नाव लिहावंच लागतं, आक्का. त्या विषयावर ते एकटेच बोलले होते. दुसरं कुणाचं नाव लिहिणार?"

चावडीत सगळ्यांनी ते ऐकलं. बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. आक्काबाईला वाटलं, आता कुणीतरी उठेल, म्हणेल की होय, जीवरामभाऊ विरोधातच बोलला होता, आम्ही होतो इथं. कुणी उठलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या चपला न्याहाळल्या.

मग तीच बोलली. एकच वाक्य, नवऱ्याच्या भाषणातलं पहिलं. "आमना मानूस मरना ते कोठे लई जावाना?" आणि सही न करताच बाहेर पडली.

दिवाळीच्या सुमारास त्याही सभेच्या इतिवृत्ताची प्रत आली. सभा शांततेत पार पडली. कुणाचीही हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आक्काबाईचं नाव कुठंच नव्हतं. गोदामावर तोवर पत्रे चढले होते. बेबाबाई मात्र फराळाचं ताट घेऊन आली होती आणि उंबऱ्यात बसून खूप रडली. "चुकनू वं माय," एवढंच म्हणत होती. वस्तीत जीवरामचं नाव पुन्हा मानानं घेऊ लागले, पण दबक्या आवाजात. कागदावर तो अनुमोदकच राहिला.

बेबाबाई गेल्यावर आक्काबाई राजदीपला म्हणाली, "फोन काढ. तो काय बोलना व्हता, मी सांगस. आते पुसू नको."

राजदीपनं फोन तिच्यासमोर धरला. ती सावरून बसली, पदर नीट केला, नवरा करायचा तसा हात पुढं केला.

"आमना मानूस मरना ते कोठे लई जावाना?"

पुढचं येईना. रोज संध्याकाळी त्यानं ते गोठ्यात म्हटलं होतं, चुलीपासून दोन हातांवर. तिनं भाकरी थापल्या होत्या. हसली होती. पुरं करा म्हणाली होती. ऐकलं मात्र नव्हतं.

"पुढे, आई?" राजदीप हळूच म्हणाला. सभेच्या दिवशी त्याचंही सारं लक्ष फोनच्या काचेवर होतं.

आक्काबाईनं गोठ्याकडे बघितलं. शेळी रवंथ करत होती.

"पुढे तो खूप बोलना व्हता," ती म्हणाली.